मनगटाचं काय झालं?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव, गाव आणि टीम गाळून ते थोडक्यात देते.

वय ४८. मूळचे सातारा जिल्ह्यातले, अमेरिकेत २१ वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं ज्या शहरात गेली तिथल्या बेसबॉल टीमचं वेड लागलं, ते अजून आहे. पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात यावं लागलं आणि हे शहर नेमकं कट्टर प्रतिस्पर्धी टीमचं. त्या दोन टीम एकमेकींशी खेळतात तेव्हा इंटरनेटवरच्या सेवेत सामना दिसत नाही, इथलं केबल चॅनेलच लावावं लागतं. 'कॉमेंट्री ऐकून डोकं फिरतं,' असं ते लिहितात. गेल्या महिन्यात त्यांच्या टीमच्या बॅटरच्या मनगटावर बॉल बसला. कॉमेंटेटर म्हणाले, हवा दमट आहे, बॉल हातातून सुटला, आणि हा बॅटर तरी प्लेटवर (त्याच्यापुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवर) केवढा वाकून उभा राहतो! दोन इनिंगनंतर पत्रलेखकांच्या टीमच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, बॉल समोरच्या बॅटरच्या पाठीत बसला. तेव्हा तेच दोघे म्हणाले, हा सरळ सरळ बदला आहे, पिचरला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. पत्रलेखकांनी रिमोट सोफ्यावर आपटला. शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा म्हणाला, 'बाबा, आपला पिचर मारतो तेव्हा तुम्ही पण हेच म्हणता की.' त्यानंतर दोन दिवस घरात धड बोलणं नाही. पत्नीचं म्हणणं, इतका त्रास होतो तर बघूच नका. ते विचारतात: बघणं सोडू का? चॅनेलला लिहून काही उपयोग होतो का? आणि मुलाला काय सांगू? तो स्वतः लीगमध्ये खेळतो आणि हे सगळं ऐकत मोठा होतोय.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कॉमेंटेटर काय बोलले ते तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंय, कोणत्या इनिंगला बोलले तेही. पण ज्याच्या मनगटावर बॉल बसला त्याचं पुढे काय झालं, ते चार पानांत कुठेच नाही. हाड मोडलं की नुसतं सुजलं? तो पुढे खेळला का? तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मला वाटतं, तुमच्या रागाचं मूळ इथेच आहे. एका माणसाला लागलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याचं दुखणं बाजूला राहून चूक कुणाची यावर खल सुरू झाला. तुम्हाला तो खल खुपला, ते बरोबरच आहे. पण तो इतका मोठा झाला की तुम्हीही त्यात ओढले गेलात आणि मनगट विसरलात.

तुमची तक्रार क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. मोसमात १६२ सामने, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज संध्याकाळी कुणा ना कुणा कॉमेंटेटरचा आवाज घरात येतो. घरात इतका वेळ बोलणारं माणूस आपल्या नकळत आपल्याला बरंच काही शिकवतं. आमच्याकडे वडील रेडिओ कानाला लावून बसायचे. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत आमची पिढी क्रिकेट शिकली, आणि हरलेल्याबद्दल कसं बोलायचं तेही कुठेतरी तिथूनच आलं. त्यामुळे 'कॉमेंट्रीचं काय एवढं मनावर घेता' हे वाक्य माझ्याकडून येणार नाही.

माझी बहीण क्लीव्हलँडजवळ राहते. तिच्याकडे मी दोन उन्हाळे काढले आणि मेहुण्यांच्या शेजारी बसून बेसबॉल शिकले. म्हणून थोडं अधिकारानं आणि बरंचसं प्रेमानं लिहिते.

पहिला प्रश्न तुमच्या अपेक्षेबद्दल. कॉमेंटेटर निःपक्षपाती असायलाच हवा, असं तुम्ही गृहीत धरलंय. पण अमेरिकेतली लोकल चॅनेलं त्यासाठी उभीच राहिलेली नाहीत. प्रत्येक टीमचे आपापले कॉमेंटेटर असतात, ते त्या टीमबरोबर गावोगाव हिंडतात, आणि ऐकणारा बहुतेक प्रेक्षक त्याच शहरातला असतो. शिकागो व्हाइट सॉक्सचे केन हॅरलसन आपल्या टीमला वर्षानुवर्षं उघडपणे 'गुड गाइज', म्हणजे भली माणसं, म्हणत आले. दुसऱ्या टोकाला विन स्कली. १९५० पासून २०१६ पर्यंत ६७ मोसम ते डॉजर्सचे सामने सांगत होते, पण समोरच्या टीमचा खेळाडू चांगला खेळला तर त्याची गोष्ट तितक्याच मायेनं सांगायचे. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमतर्फे प्रक्षेपकांना मिळणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार या दोघांनाही मिळालाय, स्कलींना १९८२ मध्ये आणि हॅरलसनना २०२० मध्ये. म्हणजे या खेळानं दोन्ही तऱ्हा आपल्याच मानल्या आहेत.

मला स्वतःला स्कलींचीच तऱ्हा आवडते. पण आवड आणि हक्क यांत फरक करायला हवा. आपल्या टीमनं होमरन मारला म्हणून कॉमेंटेटर हरखला, तर त्यात कुणाचं काही बिघडत नाही. बॅटरला बॉल लागतो तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होते, कारण तिथे तो एका माणसावर आरोप करत असतो किंवा दुसऱ्याला निर्दोष सोडत असतो. तिथे त्यानं आपलं प्रेम लपवावं अशी माझी मागणी नाही. माप तेवढं एकच ठेवावं. दमट हवेनं यांच्या पिचरचा बॉल निसटत असेल, तर त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, तुमच्या पिचरचाही निसटू शकतो. मापात पाप नको, इतकीच अपेक्षा ठेवा. ती रास्त आहे, आणि चॅनेलला लिहायचं असेल तर तीच लिहिता येण्यासारखी आहे. त्याकडे मी पुढे येते.

दुसरं गृहीतक असं की हा पक्षपात टीमवरच्या प्रेमातून येतो. तसा तो येतोच, पण नेहमी नाही. १५ ऑगस्ट २०१८ चा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. अटलांटाचा विशीतला रोनाल्ड आकुन्या तेव्हा भन्नाट फॉर्मात होता, सलग पाच सामन्यांत होमरन. मायामीच्या होसे उरेन्यानं सामन्यातला आपला पहिलाच बॉल, ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा, त्याच्या कोपरावर मारला. अंपायरनी एका बॉलनंतर उरेन्याला बाहेर काढलं, पुढे सहा सामन्यांची बंदी आली. त्या रात्री न्यूयॉर्क मेट्सच्या प्रक्षेपणात माजी खेळाडू कीथ हर्नांडेझ साधारण असं म्हणाले की पोरगा तुम्हाला इतका धुतोय, तर त्याला मारायलाच हवं, फक्त डोक्याच्या बाजूला नको. त्यावर बरीच टीका झाली. यात मेट्सचा काय संबंध होता? काहीच नाही. सामना मायामी आणि अटलांटाचा. हर्नांडेझ बोलत होते ते ज्या काळात ते खेळले त्या काळाच्या वतीनं. 'तू आमच्याला मारलंस, आम्ही तुझ्याला मारणार' हा अलिखित कायदा ज्यांनी अंगावर झेलला, त्यांना तो रीतीचाच वाटतो.

म्हणून पुढच्या वेळी ऐकताना एवढंच ताडून बघा: बोलणारा टीमच्या बाजूनं बोलतोय, की पिचरच्या बाजूनं, की आपल्या तरुणपणाच्या? माजी पिचर आणि माजी बॅटर शेजारी शेजारी बसलेले असले तर एकाच बॉलवर त्यांचं बहुधा जमत नाही. हे ओळखता आलं की निम्मा राग उतरतो, कारण मग तो आवाज तुमच्या टीमचा शत्रू राहत नाही. एका वयाचा, एका धंद्याचा माणूस होतो.

आता मुख्य गोष्ट. 'मुद्दाम मारला' आणि 'चुकून लागला' यांतला फरक टीव्हीवर दिसतो, असं तुम्हीही धरून चाललाय आणि ते कॉमेंटेटरही. मला वाटतं इथेच सगळे फसतात.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. १९८१ च्या जानेवारीत सिडनीला लेन पास्कोचा बाउन्सर आपल्या संदीप पाटीलच्या कानावर बसला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तो मैदानाबाहेर गेला. पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्यानं १७४ केल्या. आमच्या घरात तेव्हा जीव गोळा झाला होता, पण पास्कोनं मुद्दाम मारला का, हा वाद कुणी घातल्याचं मला आठवत नाही. बाउन्सर नियमात बसतो. बॅट्समनला भीती वाटावी म्हणूनच तो टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बेसबॉलमध्ये बॉल अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस, म्हणजे रनच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळतो. दुखण्याची भरपाई म्हणा ना. पण भरपाई आली की चौकशी आली. अंपायरला बघावं लागतं, लागला तेव्हा बॉल स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरचा, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा पट्टा; त्यातला बॉल म्हणजे स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकला आउट) होता का? असेल तर बेस नाही. बॅटरनं बाजूला व्हायचा काही प्रयत्न केला का? नसेल केला तरी बेस नाही. (आपल्या लेगबायलाही जवळपास हीच अट असते, बॅट्समननं खेळायचा किंवा चुकवायचा प्रयत्न केलेला हवा.) आणि तिसरं, पिचरनं नेम धरून मारला असं वाटलं तर अंपायर त्याला बाहेर काढू शकतो किंवा दोन्ही टीमना ताकीद देऊ शकतो. तीन प्रश्न, तिन्ही डोळ्यांच्या अंदाजाचे, आणि बॉल पिचरच्या हातातून सुटून प्लेटपर्यंत यायला जेमतेम ०.४ सेकंद. पक्षपाताला शिरायला नियमानंच तीन दारं ठेवली आहेत. कॉमेंटेटर त्याच दारांतून आत येतो, आणि प्रेक्षकही.

३१ मे १९६८, लॉस एंजेलिस. डॉजर्सचा डॉन ड्रायस्डेल किती तरी सामने एकही रन न देता खेळत होता. नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही, आणि त्याचा बॉल सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या डिक डिट्झला लागला. म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकून रन, म्हणजे विक्रमाचा शेवट. पण अंपायर हॅरी वेंडेलस्टेट म्हणाले, यानं चुकवायचा प्रयत्नच केला नाही, बेस नाही. जायंट्सनी कडाडून वाद घातला. डिट्झ परत उभा राहिला आणि आउट झाला, ड्रायस्डेल त्या इनिंगमधून एकही रन न देता निसटला आणि पुढे तो विक्रम ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगपर्यंत गेला. अंपायरचा निर्णय नियमाला धरून होता, पण असा निर्णय क्वचितच दिला जातो, हेही तितकंच खरं. लॉस एंजेलिसमध्ये तो निर्णय हिमतीचा आणि सॅन फ्रान्सिस्कोत दरोडा. दोन्ही गावांतली माणसं प्रामाणिक होती असं मी मानते.

आता उलट बाजू. ८ एप्रिल २०२१, मेट्सचा घरच्या मैदानावरचा मोसमातला पहिला सामना. नववी इनिंग, २-२, बेस भरलेले. मायकेल कन्फोर्टोनं कोपर पुढे काढलं आणि स्ट्राइक झोनमधून जाणारा बॉल कोपराच्या गार्डला चाटून गेला. बेस दिला, रन आला, मेट्स जिंकले. बॉल लागला की नाही एवढंच रिप्लेवर तपासता येत होतं, झोनमध्ये होता की नाही हे नाही. सामन्यानंतर अंपायर रॉन कुल्पा यांनी स्वतः कबूल केलं की आपण त्याला आउट द्यायला हवं होतं.

आता एक प्रश्न विचारते, मनातल्या मनातच उत्तर द्या. तुमची टीम अशी जिंकली असती, तर त्या रात्री तुम्ही काय म्हणाला असता?

माझं उत्तर मी देते. मी नाचले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कदाचित थोडं वाईट वाटलं असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी आहे. तुमच्या मुलानं नेमकं तेच पाहिलं आणि सांगितलं. त्याच्या वाक्यात उद्धटपणा मला दिसत नाही. बाबा न्यायाबद्दल इतकं बोलतात, म्हणून त्यानं बाबांनाच न्याय लावून पाहिला. हे तो तुमच्याकडूनच शिकलाय, आणि याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

तो लीगमध्ये खेळतो असं लिहिलंत, म्हणून माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. शनिवारची मॅच, दंडावर बॉल बसला, तो पळत पहिल्या बेसवर गेला आणि डोळ्यांतून पाणी काढलं नाही. गाडीत बसल्यावर मी बाही वर केली. दंडावर गोल लाल वळ, आणि त्यात बॉलच्या शिवणीचे टाके उमटलेले, बारीक ठिपक्यांच्या दोन वळणदार रांगा. बेसबॉलवर १०८ दुहेरी टाके असतात, जपमाळेच्या मण्यांइतके. ते मला त्या दिवशी मेहुण्यांनी सांगितलं, आणि त्यांना सांगायला दुसरं काही सुचत नव्हतं हे मला कळत होतं. मी रागानं म्हटलं, त्या पोरानं मुद्दाम मारला का रे? भाचा म्हणाला, 'नाही मावशी, तो माझ्यापेक्षा जास्त रडत होता.'

मोठ्या लीगमध्येही हे होतं. ११ सप्टेंबर २०१४ ला मिलवॉकीत माइक फायर्सचा बॉल जानकार्लो स्टँटनच्या चेहऱ्यावर बसला, हाडं मोडली, मोसम संपला. स्टँटन बॅट फिरवायला गेला होता, म्हणून नियमानं त्याला बेससुद्धा मिळाला नाही, स्ट्राइक दिला गेला. सामन्यानंतर माफी मागताना फायर्सचे डोळे भरून आले होते. पुढे स्टँटन गाल झाकणारं हेल्मेट घालून खेळायला लागला.

आणि क्लीव्हलँडला गेले तेव्हा मी लेक व्ह्यू दफनभूमीत रे चॅपमनची कबर बघून आले. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेझचा बॉल त्याच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय २९. मेजर लीगमध्ये बॉल लागून जीव गेलेला तो एकमेव खेळाडू. आवाज इतका टणक आला की मेझला वाटलं बॉल बॅटला लागलाय. त्यानं तो उचलून पहिल्या बेसवर फेकलासुद्धा. मुद्दाम मारला नाही असं तो जन्मभर सांगत राहिला आणि बरेच लोक जन्मभर मानले नाहीत. हेल्मेटची सक्ती मात्र थेट १९७१ मध्ये आली. कबरीवर लोक बॉल ठेवून जातात. मी गेले त्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, बॉल भिजून फुगले होते आणि त्यांची शिवण उसवायला लागली होती. शंभर वर्षं 'मुद्दाम का चुकून' यावर शाई आणि घसे खर्ची पडले, त्या मानानं डोक्यावर काय घालायचं यावर किती कमी बोलणं झालं, हे तिथे उभं राहून माझ्या मनात आलं. अजूनही येतं.

तर मग घरात काय करायचं?

एक खेळ सुचवते, तुम्ही आणि मुलगा मिळून. बॉल कुणालाही लागला की आधी त्या माणसाकडे बघायचं आणि एकमेकांना सांगायचं: कुठे लागलं, बोटं हलवतोय का, ग्लोव्हचा पट्टा सोडून हात बघतोय का. कॉमेंटेटर काय म्हणतात ते त्यानंतर. मग रिप्ले आला की कॅचरचं, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याचं, ग्लोव्ह बघायचं. त्यानं ग्लोव्ह बाहेरच्या कडेला धरलं होतं आणि बॉल आत आला, तर बहुधा नेम चुकलाय. कॅचर आधीच उठून आतल्या बाजूला सरकला असेल, तर शंकेला जागा आहे. बॉल कोणता होता? वळणारा स्लायडर मुद्दाम मारायला सहसा कुणी वापरत नाही, त्यासाठी सरळ फास्टबॉल. स्कोअर काय होता? बेस भरलेले असताना, एका रनाच्या सामन्यात, मुद्दाम मारणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. आदल्या इनिंगला किंवा आदल्या दिवशी काही घडलं होतं का? एवढं बघूनही शेवटी 'माहीत नाही' असं उत्तर निघालं तर ते म्हणायची सवय लावून घ्या. बऱ्याचदा तेच निघेल. २०२१ च्या मोसमात बॅटरला बॉल लागल्याचे प्रसंग दोन हजारांच्या वर गेले, म्हणजे जवळजवळ सामन्यागणिक एक. इतकी माणसं इतक्या वेळा एकमेकांवर नेम धरत असतील हे मनाला पटत नाही. बॉल आता पूर्वीपेक्षा वेगानं येतात आणि जास्त वळतात, ही साधी गोष्ट त्यापेक्षा पटते.

एक वही ठेवा. तारीख, इनिंग, कुणाला लागलं, कॉमेंटेटर काय म्हणाले, आणि शेवटच्या रकान्यात बाबा काय म्हणाले. वही मुलाच्या हातात द्या. हे सगळ्यात अवघड आहे, पण तुमच्या घरातला अबोला मोडायला याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

चॅनेलला पत्र जरूर लिहा, पण या वहीच्या आधारानं. 'तुमचे लोक पक्षपाती आहेत' असं लिहिलेलं पत्र कुणी पुढे वाचत नाही. अमुक तारखेला चौथ्या इनिंगला तुम्ही असं म्हणालात, सहाव्या इनिंगला असं म्हणालात, हवा तीच होती, असं दोन वाक्यं समोरासमोर ठेवून लिहा. माफी मागू नका म्हणावं, पुढच्या वेळी दोघांना एकच माप लावा. उत्तर येईलच असं नाही. पण नेमकं लिहिताना तुमचा राग खात्रीनं आटोक्यात येईल, हे मी बरीच वर्षं लोकांची पत्रं वाचून सांगते.

आवाजाचंही बघता येईल. त्या दोन टीमच्या सामन्यांना चित्र लोकल चॅनेलचं घ्या, आवाज बंद करा आणि तुमच्या टीमची रेडिओ कॉमेंट्री फोनवर लावा. लीगच्या ॲपवर ऑडिओला लोकल बंदी नसते, आणि दोन्हींपैकी कोणत्या टीमचा रेडिओ ऐकायचा ते निवडता येतं. आवाज आणि चित्र मागेपुढे होईल, तेव्हा जे पुढे पळतंय ते क्षणभर थांबवून जुळवून घ्यावं लागतं. दोन-चार दिवसांत हात बसतो. पण एक अट घालते. चार सामन्यांतून एकदा तरी मुद्दाम समोरच्या टीमचा रेडिओ लावा. तुमच्या टीमचा कॉमेंटेटर तुमच्या पिचरला कसा पाठीशी घालतो ते तुम्हाला आपोआप ऐकू यायला लागेल. इतर सामने इंटरनेटवर बघता तिथे घरचं आणि पाहुण्यांचं असं दोन्ही प्रक्षेपण बहुधा निवडता येतं. एखादा सामना असा बघा ज्यातली कोणतीच टीम तुमची नाही. पक्षपात कसा बोलतो हे कळायला आपलं काहीच पणाला लागलेलं नसणं फार उपयोगी पडतं. क्रिकेट किंवा कबड्डीच्या कॉमेंट्रीवरून असेच वैतागलेले वाचक मला पत्रं लिहितात, त्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

बघणं सोडू का, असं विचारलंत. माझ्या मते नको. २१ वर्षांत तुम्ही आपलं गाव, एक शहर आणि किती तरी माणसं सोडलीत, ही टीम तेवढी बरोबर आणलीत. वहिनींचं म्हणणंही मोडीत काढू नका. त्या खेळाला कंटाळलेल्या नाहीत, रिमोट आपटल्याच्या आवाजाला कंटाळल्या आहेत. पुढची मालिका असेल तेव्हा त्यांनाच विचारा, तिघांनी बघायचं का. एखादा दिवस त्या नको म्हणाल्या तर त्या दिवशी टीव्ही बंद राहू दे, आणि स्कोअर दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

मुलाला काय सांगू, याचं उत्तर छोटं आहे. 'तू म्हणालास ते खरं होतं.' एवढंच, आणि 'पण' न लावता. मग त्याला विचारा की त्याला खेळताना कधी लागलंय का. तेरा वर्षांची मुलं हे आपणहून सांगत नाहीत, बाही खाली ओढून घेतात. आणि पिचिंग करत असेल तर हेही विचारा की त्याच्या हातून कधी कुणाला लागलंय का, आणि तेव्हा तो काय म्हणाला.

तुमच्या पुढच्या पत्राची वाट बघते. टीमचं नाव तुम्ही दिलंच आहे, त्यामुळे त्या बॅटरच्या मनगटाचं काय झालं ते मला शोधता आलं असतं. मुद्दाम शोधलं नाही. तुम्ही दोघांनी बघून मला कळवा.